घाव, दारू आणि कलम ३०४

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे नवरा-बायकोच्या भांडणाचा एक खटला आला. नवरा अठरा वर्षांचा, बायको पंधराची. त्यानं तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि बंद मुठीनं तोंडावर दोन-तीन जबर ठोसे लगावले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली. ‘राणी सरकार विरुद्ध गोविंदा’ या नावानं कायद्याच्या पुस्तकांत अमर झालेला हा खटला. दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून तो न्या. मेलव्हिल यांच्याकडे गेला. दंड संहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती, आणि तिच्यातली दोन कलमं, २९९ आणि ३००, इतकी जवळजवळ होती की त्यांच्यातली सीमा भल्याभल्यांना दिसत नव्हती. मेलव्हिल यांनी ती शब्दाशब्दानं लावून दाखवली. गोविंदाचा जीव घेण्याचा हेतू नव्हता. त्यानं केलेली इजा मृत्यू आणण्याचा संभव असलेली होती, पण सामान्यतः मृत्यू हमखास येईलच अशी नव्हती. म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध.

भारतात खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यातली रेघ अशी एका मराठी मुलखातल्या घरात, एका पोरवयाच्या बायकोच्या मृत्यूवरून आखली गेली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आजही या रेघेवरचे असंख्य खटले घरातलेच असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेलं: ‘आरोपी दारू पिऊन घरी आला व त्यावरून वाद झाला.’ गोविंदाच्या खटल्यात दारूचा प्रश्न नव्हता. दारू आली की न्यायाधीशासमोर आणखी एक कोडं उभं राहतं. ज्याला स्वतःचा तोल सांभाळता येत नव्हता, त्याचा हेतू कसा ठरवायचा? आणि हेतू ठरला नाही, तर शिक्षा किती द्यायची?

आधी मोजपट्टी पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. सदोष मनुष्यवधाची व्याख्या आता कलम १०० मध्ये, खुनाची कलम १०१ मध्ये. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, यापेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला नाही. खून न ठरलेल्या सदोष मनुष्यवधासाठी जुनं कलम ३०४ होतं, नवं १०५ आहे. त्याचे दोन भाग आहेत आणि वकिलांच्या रोजच्या बोलण्यात ते ‘तीनशे चार भाग एक’ आणि ‘भाग दोन’ असेच येतात. जीव घ्यायचा किंवा जीव जाईल अशी इजा करायची असा हेतू होता, पण कायद्यानं मान्य केलेलं एखादं कारण खुनाच्या आड आलं, तर भाग एक. हेतू नव्हता, पण यानं माणूस मरू शकतो ही जाणीव होती, तर भाग दोन.

जुन्या कायद्यात भाग एकला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होती, खालची मर्यादा नव्हती. नव्यात जन्मठेप नाही दिली तर किमान पाच वर्षं द्यावीच लागतात. भाग दोनला कमाल दहा वर्षं, तेव्हाही आणि आताही. फरक एवढाच की पूर्वी नुसत्या दंडावरही सोडता येत असे, आता कैद आणि दंड दोन्ही. पण भाग दोनला किमान मर्यादा आजही नाही. म्हणजे एकाच कलमाखाली एखादा काही महिन्यांत सुटू शकतो आणि दुसरा दहा वर्षं आत राहू शकतो. घटना ३० जून २०२४ किंवा त्याआधीची असेल तर जुनाच कायदा लागतो, कारण घडल्यानंतर वाढवलेली शिक्षा मागं नेऊन लावायला राज्यघटनेचा अनुच्छेद २० मनाई करतो. त्यामुळे पुढची बरीच वर्षं आपल्या सत्र न्यायालयांत दोन्ही कायदे शेजारी शेजारी चालणार आहेत.

आता दारू. लोकांची एक पक्की समजूत आहे: ‘शुद्धीत नव्हता’ असं सिद्ध झालं की शिक्षा कमी होते. आरोपीच्या घरची माणसं वकिलाला पहिल्या भेटीतच हे सांगतात. कायदा मात्र असं म्हणत नाही. जुनं कलम ८५, आताचं २३, फक्त त्या माणसाला वाचवतं ज्याला नकळत किंवा बळजबरीनं नशा दिली गेली आणि आपण काय करतोय हेच ज्याला कळत नव्हतं. स्वतःच्या हातानं ग्लास उचलणाऱ्याला हे दार बंद आहे. त्याच्यासाठी कलम ८६, आताचं २४. ते सांगतं की स्वखुशीनं प्यायलेल्या माणसाला शुद्धीत असताना जी जाणीव असती, तीच जाणीव होती असं धरून चालायचं.

या कलमात एक बारीक गोम आहे. कलमाच्या सुरुवातीला ‘जाणीव किंवा हेतू’ असे दोन्ही शब्द येतात, पण धरून चालायचं ते फक्त जाणिवेबाबत. हेतूबद्दल कलम पुढं गप्प आहे. जाणीव कायदा गृहीत धरतो, हेतू मात्र पुराव्यातून शोधावा लागतो. या एका मौनावर गेल्या शंभर वर्षांतला केवढा तरी युक्तिवाद उभा आहे.

त्यावरचा आपल्याकडचा आधारस्तंभ म्हणजे १९५६ चा ‘बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य’. पेप्सू म्हणजे पतियाळा आणि पूर्व पंजाबातल्या संस्थानांचं तेव्हाचं राज्य. हरिगढ गावचा एक निवृत्त फौजी जमादार लग्नाला दुसऱ्या गावी गेला होता. वऱ्हाड दुपारच्या जेवणाला नवरीच्या घरी जमलं. जमादारानं पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाला म्हटलं, जरा सरक, मला बसायचंय. मुलगा हलला नाही. जमादारानं पिस्तूल काढलं आणि त्याच्या पोटात गोळी घातली. जागेवरून. मुलगा गेला.

जमादार प्यायलेला होता, चांगलाच. झोकांड्या जात होत्या, बोलणं मधूनच असंबद्ध होत होतं, हे साक्षीदारांनीच सांगितलं. पण सर्वोच्च न्यायालयानं बाकीचंही पाहिलं. तो त्या घरापर्यंत आपल्या पायांनी आला होता. आपल्याला कुठं बसायचं हे त्याला कळत होतं. गोळी झाडल्यावर त्यानं पळायचा प्रयत्न केला. पकडल्यावर काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं माफी मागितली. एवढं ज्याला कळतं, त्याला हेतू नव्हता असं कसं म्हणायचं? न्यायालयानं सूत्र मांडलं: जाणीव गृहीत धरायची, आणि हेतू ठरवायचा तो सगळी परिस्थिती आणि नशेची पातळी पाहून. मेंदू पार बधिर झाला असेल तर हेतू नव्हता असं म्हणता येईल. नाहीतर माणसाला आपल्या कृत्याचे स्वाभाविक परिणाम हवे होते असंच धरायचं. खुनाची शिक्षा कायम राहिली.

नशा होती हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर असतं. हे ओझं कागदावर दिसतं त्यापेक्षा जड आहे. घरातला प्रकार रात्री नऊ-दहाला घडतो, आरोपी सापडतो दुसऱ्या दिवशी सकाळी, शेतात किंवा नातेवाइकाकडे. शरीर रक्तातला अल्कोहोल तासाला दर १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं संपवत असतं. रात्री १५० असलेला आकडा दहा तासांनी शून्यावर येतो. ग्रामीण रुग्णालयात नमुना घेतला, तो न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला, तरी त्यात काही मिळेलच असं नाही. मग उरतात शब्द: ‘वास येत होता’, ‘डोळे लाल होते’, ‘बडबडत होता’. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी रेघ आखून दिली आहे. मनुष्यवधात असा आकडाच नाही. तिथं न्यायाधीश रक्त मोजत नाही, त्या माणसानं आधी आणि नंतर काय काय केलं ते पाहतो.

त्या ‘नंतर’वर किती काही टेकलेलं असतं, ते तीन खटल्यांतून दिसतं. तिन्हींत नवरा प्यायलेला, तिन्हींत बायकोच्या अंगावर रॉकेल, तिन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले.

पहिला राजस्थानचा, निकाल २००० सालचा. दारूला पैसे हवेत म्हणून नवऱ्यानं बायकोचे दागिने मागितले. तिनं नकार दिला. त्यानं तिच्यावर रॉकेल ओतलं, काडी तूच ओढ म्हणाला. तिनं ओढली नाही, तेव्हा त्यानं स्वतः ओढली. पण भडका उडाला तसा तो घाबरून धावला आणि तिच्यावर पाणी ओतू लागला. न्यायालयानं म्हटलं, भयंकर नशेत असलेल्या या माणसाला परिणाम इतका टोकाला जावा असं वाटत नसावं. खून रद्द, कलम ३०४ भाग दोन.

दुसरा महाराष्ट्रातला, निकाल २०१५ चा. इथंही रॉकेल, इथंही नंतर पाणी. पण या वेळी न्यायालय म्हणालं, पाणी ओतलं म्हणजे पश्चात्तापच झाला असं नाही, इतर लोक यायच्या आत आपला गुन्हा झाकण्यासाठीही माणूस पाणी ओततो. आणि हेतू नव्हता असं घटकाभर मानलं, तरी एखाद्याला पेटवून देणं हे इतकं उघड घातक कृत्य आहे की निव्वळ जाणिवेवरही ते खुनाच्या व्याख्येच्या चौथ्या भागात बसतं. इथं कलम ८६ ची ताकद लक्षात येते. हेतू नशेत विरघळला असं आरोपी म्हणू शकतो, पण जाणीव तर कायद्यानं गृहीतच धरलेली असते. कृत्य पुरेसं भीषण असेल तर तेवढ्यानंही खून सिद्ध होतो.

तिसराही महाराष्ट्रातलाच, २०१९ चा. रॉकेल ओतल्यावर बायको जीव वाचवायला घराबाहेर जाऊ लागली. नवरा मागून आला, आणखी रॉकेल ओतलं आणि काडी टाकली. वकिलानं २००० च्या निकालाचा दाखला दिला. न्यायालयानं तो बाजूला ठेवला. जो पळणाऱ्या बाईच्या मागे जातो, त्याची शुद्ध गेलेली नसते. जन्मठेप कायम.

माझ्या मते २०१५ आणि २०१९ चे निकाल जास्त सरळ आहेत. २००० च्या निकालामागची करुणा समजते. पाणी ओतणाऱ्या हातांत काहीतरी माणूसपण उरलेलं होतं. पण ‘तूच काडी ओढ’ असं सांगणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं, याचं उत्तर त्या पाण्यात सापडत नाही.

काठी, पाटा-वरवंटा, विळा, कुऱ्हाड, नुसती लाथ अशा हाताला लागेल त्या वस्तूनं घडलेल्या प्रकारांत चित्र आणखी धूसर होतं. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेतू कसा ओळखावा याच्या खुणा सांगितल्या आहेत. हत्यार कोणतं होतं, आरोपीनं ते बरोबर आणलं की जागेवरचं उचललं, घाव शरीराच्या नाजूक भागावर होता का, जोर किती होता, भांडण अचानक पेटलं की पूर्वीचं वैर होतं, घाव एक की अनेक. कोणतीही एक खूण निर्णायक नाही. ‘एकच फटका मारला’ म्हणजे आपोआप भाग दोन, असा एक समज तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा पिताना ऐकू येतो, तो चुकीचा आहे. डोक्यात कुऱ्हाडीचा एकच घाव पुरेसा बोलका असतो. शवविच्छेदन अहवालातलं ‘ही इजा सामान्यतः मृत्यूस पुरेशी आहे’ हे एक वाक्य खटला कुठल्या कुठं नेऊन ठेवतं. मेलव्हिल यांनी दीडशे वर्षांपूर्वी याच वाक्यावर बोट ठेवलं होतं.

खुनाचा सदोष मनुष्यवध होण्याचा आणखी एक रस्ता आहे आणि कौटुंबिक भांडणात सर्वांत जास्त वापरला जातो तोच: खुनाच्या व्याख्येतला चौथा अपवाद. अचानक भांडण जुंपलं, पूर्वतयारी नव्हती, रागाच्या भरात मारामारी झाली, आणि मारणाऱ्यानं गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूर, विचित्र रीतीनं वागला नाही, तर तो खून नाही. भांडण कोणी सुरू केलं याला महत्त्व नाही. दोन भाऊ बांधावरून किंवा आईच्या औषधाच्या खर्चावरून पिऊन भिडले आणि एकाच्या हातून दुसरा गेला, अशा प्रकरणांना हा अपवाद नीट बसतो. दोघंही भांडत होते, दोघांच्याही हातात काहीतरी होतं.

पण रोज रात्री पिऊन येणाऱ्या आणि रोज बायकोला मारणाऱ्या माणसाच्या घरात ‘अचानक’ म्हणजे काय? आपल्याला इथं थांबून नीट विचार करायला हवा. त्या घरात भांडण ठरलेल्या वेळी येतं. पोरं त्याच्या पावलांचा आवाज ओळखतात. शेजारीण आपलं दार लावून घेते. अशा घरात एक दिवस मारहाणीत बायको मेली, तर त्याला ‘अचानक जुंपलेलं भांडण’ म्हणणं म्हणजे आधीच्या सगळ्या रात्री पुसून टाकणं. शिवाय या अपवादाला मारामारी लागते, दोन्ही बाजूंची. एक मारतो आहे आणि दुसरी हात वर करून अडवते आहे, ही मारामारी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं हा फरक वेळोवेळी सांगितला आहे. खाली तो प्रत्येक वेळी पाळला जातोच असं नाही.

उलट बाजूचं चित्र २०२२ मध्ये छत्तीसगडमधून आलं. इथं पिणारा मेला आणि मारणारा त्याचा भाऊ होता. मेलेला भाऊ व्यसनी, शिव्या, धमक्या, त्रास हे रोजचंच. दारू सोड म्हणून सांगितल्यावरून वाद व्हायचे. एक दिवस आरोपीच्या हातून तो गेला. खालच्या न्यायालयांनी खून ठरवला. सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या अपवादाचा, म्हणजे गंभीर आणि आकस्मिक चिथावणीचा, नव्यानं अर्थ लावला. शेवटची चिथावणी आकस्मिक असायला हवी हे खरं, पण तिचं गांभीर्य मोजताना आधीच्या सगळ्या चिथावण्या हिशेबात घ्यायला हव्यात. शिक्षा ३०४ भाग एकवर आली, आणि दहा वर्षांहून अधिक काळ आत काढलेला असल्यानं तेवढ्यावर त्याची सुटका झाली. मद्रास उच्च न्यायालयानं याची वाट १९८९ मध्येच उघडली होती. तिथं छळाला कंटाळून मुलांसह विहिरीत उडी घेतलेली आणि एकटी वाचलेली आई आरोपी होती, आणि न्यायालयानं दीर्घकाळ साचत गेलेल्या चिथावणीचा विचार मान्य केला होता.

इंग्लंडनं हे कायदा बदलूनच केलं. २०१० पासून तिथं चिथावणीच्या जुन्या बचावाऐवजी ‘ताबा सुटणे’ हा बचाव आला आणि तो ताबा अचानकच सुटला पाहिजे ही अट काढून टाकली गेली. वर्षानुवर्षं मार खाणाऱ्या बायकांच्या खटल्यांनी हा बदल घडवून आणला. त्याच देशात नोव्हेंबर २०१८ पासून मनुष्यवधाच्या शिक्षेसाठी लिखित मार्गदर्शिका आहे. बेकायदा कृत्यातून घडलेल्या मनुष्यवधाला १ ते २४ वर्षांपर्यंतची श्रेणी तिच्यात आहे. गुन्हा करताना दारूच्या अमलाखाली असणं हा तिथं शिक्षा वाढवणारा घटक आहे, कमी करणारा नव्हे.

आपल्याकडे अशी मार्गदर्शिका नाही. मलिमथ समितीनं २००३ मध्ये आणि माधव मेनन समितीनं २००८ मध्ये तिची गरज मांडली, सर्वोच्च न्यायालयानंही तिच्या अभावाबद्दल खंत व्यक्त केली. तोवर न्यायाधीशाच्या हातात आहे तो शिक्षेवरील सुनावणीचा टप्पा. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं स्वतंत्र म्हणणं ऐकायचं, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये कायम आहे. कल्पना फार मोलाची. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा दोषी ठरवल्यावर त्याच दुपारी आरोपीचे वकील चार गोष्टी सांगतात: गरीब आहे, घरातला एकटा कमावता आहे, पहिलाच गुन्हा आहे, दारूच्या नशेत घडलं. सरकारी वकील म्हणतात, कठोर शिक्षा व्हावी. एवढ्यावर दोन-तीन कुटुंबांची दहा वर्षं ठरतात.

या चारांतल्या शेवटच्या दोन कारणांवर २०१४ चा एक निकाल प्रकाश टाकतो. तोही महाराष्ट्रातलाच, दारूच्या नशेत जाळून मारलेल्या बायकोचा. न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या खंडपीठानं त्यात सांगितलं की नशा हा मुळात बचाव नाही. आरोपी सराईत पिणारा नसेल तर कधीकधी ती शिक्षा सौम्य करणारी परिस्थिती ठरू शकते. तो सराईत पिणारा असेल, तर तीच गोष्ट गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी धरली पाहिजे. मला वाटतं, या विषयावर आपल्या न्यायालयांनी सांगितलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट आहे. ज्याला आपण प्यायलो की काय करतो हे दहा वेळा कळून चुकलं आहे, ज्याच्या बायकोच्या अंगावरचे वळ त्यानं स्वतः पाहिले आहेत, तो अकराव्या वेळी ग्लास उचलतो तेव्हा तो अजाण नसतो. हेच तत्त्व ‘पहिलाच गुन्हा’ या कारणालाही लागू व्हायला हवं. पोलिसांच्या कागदावर पहिला असेल, घरातला पहिला नसतो.

पण मग नशा सराईत होती हे न्यायाधीशाला कोण सांगणार? घरच्यांशिवाय कुणी नाही. आणि घरच्यांची जीभ तिथंच अडते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये मरणाच्या दारात असलेली सिंधू फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटं सांगते. शंभर वर्षांपूर्वी प्रेक्षकांनी त्यावर डोळे पुसले. आज जळीत वॉर्डात मृत्युपूर्व जबाब घ्यायला येणारे नायब तहसीलदार आणि ‘जबाब देण्याच्या स्थितीत आहे’ असा शेरा मारणारे डॉक्टर यांच्यापुढं तेच वाक्य वेगळ्या शब्दांत येतं: स्टोव्हचा भडका झाला. मागं पोरं आहेत, नवरा आत गेला तर त्यांना कोण बघणार, एवढा हिशेब तिनं वेदनेतही केलेला असतो. भावानं भावाला मारलं, मुलानं बापाला मारलं, तर फिर्यादी आई असते. एक गेला, दुसरा तरी राहू दे, असं तिला वाटलं आणि ती साक्षीत फिरली, तर तिला फितूर म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

न्यायालयांनी यावर एक उपाय शोधला आहे. बंद घरात, चार भिंतींच्या आत मृत्यू झाला आणि आरोपी तिथं होता, तर काय घडलं याचा खुलासा करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं हे २००६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात ठामपणे सांगितलं. गुन्हा सिद्ध व्हायला त्याची मदत होते. पण शिक्षा ठरवताना लागणारा घरातला इतिहास मात्र त्यातून मिळत नाही. तो मिळवायचा तर तपास अधिकाऱ्यानं आधीच्या अदखलपात्र तक्रारी, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे अर्ज, ग्रामीण रुग्णालयातले जुने केसपेपर, व्यसनमुक्ती केंद्राची नोंद असली तर ती, हे सगळं आरोपपत्रासोबत लावलं पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही.

शिक्षा सुनावली की कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातली कैद यांत फरक पडतो. खटला चालू असताना कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. खटला पाच-सहा वर्षं रेंगाळला आणि आरोपीला जामीन मिळालाच नव्हता, तर भाग दोनखाली पाच वर्षांची शिक्षा झालेला माणूस निकालाच्याच दिवशी सुटूही शकतो. त्यात काही बेकायदा नाही. पण ज्या मुलीनं आपल्या आईच्या मृत्यूची साक्ष दिली, तिला हे आधी कोणी समजावून सांगितलेलं नसतं. बाप संध्याकाळी दारात उभा राहतो.

या मुलीच्या बाजूनंही कायद्यात काही आहे, आणि ते कमी वापरलं जातं. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात, कुत्र्याच्या भुंकण्यावरून शेतात झालेल्या भांडणात डोक्यात पाईपचा एक फटका बसून माणूस गेला होता. न्या. टी. एस. ठाकूर यांच्या खंडपीठानं खुनाऐवजी ३०४ भाग दोन लावून पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. पण तो निकाल महत्त्वाचा ठरला तो दुसऱ्याच कारणानं. प्रत्येक फौजदारी खटल्यात नुकसानभरपाईचा विचार करणं न्यायालयावर बंधनकारक आहे, आणि द्यायची की नाही याची कारणं निकालात नोंदवलीच पाहिजेत, असं त्यानं सांगितलं. दंडाच्या रकमेतून भरपाई देता येते. आरोपीची ऐपत नसेल किंवा रक्कम अपुरी असेल, तर न्यायालय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे शिफारस करतं, आणि राज्याच्या पीडित नुकसानभरपाई योजनेतून किती द्यायचं ते प्राधिकरण ठरवतं. आरोपी सुटला तरीही अशी शिफारस करता येते.

बापानं आईला मारलेल्या घरात तर ही तरतूद म्हणजे उरलेल्या मुलांचा जवळजवळ एकमेव आर्थिक आधार असते. ‘एकटा कमावता’ हे कारण बापाच्या वकिलानं शिक्षा कमी करण्यासाठी मांडलेलं असतं, आणि त्याच वेळी कुणी विचारत नाही की मेलेली आई रोज मजुरीला जात होती की नाही, घर कुणाच्या पैशावर चालत होतं. बाप तुरुंगात, आई गेलेली, आजी थकलेली, अशा मुलांसाठी महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे आणि तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांचाही तिच्यात विचार होतो. पण तिथवर पोचायला बालकल्याण समितीपुढं जावं लागतं, कागद लागतात, आणि गावात हे सांगायला कुणी नसतं. सत्र न्यायाधीशांनी निकालपत्रातच दोन ओळी लिहिल्या, की मुलं कुणाकडे आहेत, त्यांच्यासाठी प्राधिकरणानं काय करावं, तर काम पुढं सरकतं. पैरवी अधिकारी, सरकारी वकील आणि प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक यांच्यापैकी कुणीही हा मुद्दा सुनावणीत उपस्थित करू शकतो. शिफारस झाल्यावर चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते, असं कायदाच सांगतो.